जुनं घर घेण्याआधीची स्ट्रक्चरल तपासणी : नेमकं काय काय करून घ्यायचं?

पागोळी :

नमस्कार मंडळी. जुनं स्वतंत्र घर घ्यायचा बेत बराच पुढे गेलाय आणि सह्यांची वेळ जवळ आली तसा माझा धीर थोडा सुटतोय, म्हणून हा धागा.

घर तळमजला अधिक एक. बांधून चाळीसेक वर्षं झालेली. भिंती विटांच्या, चांगल्या जाड, आणि स्लॅब थेट त्यांच्यावर टेकलेले. कॉलम दिसतात ते फक्त पुढच्या व्हरांड्यात. मागच्या दोन खोल्या नंतर कधीतरी वाढवल्यात. उजेड, वारा, खोल्यांची मापं, सगळं मनासारखं आहे. मालकही सरळ वाटले. त्यांनी आपणहून एक स्ट्रक्चरल रिपोर्ट हातात ठेवला. चार पानं, त्यातली दोन फोटोंची. हॅमर टेस्टच्या आकड्यांचा एक तक्ता आणि खाली 'इमारतीची एकंदर स्थिती समाधानकारक' असा शेरा.

यावरून घरात दोन तट पडलेत. बाकीच्यांचं म्हणणं, रिपोर्ट आहे, आकडे चांगले आहेत, आता आणखी काय? दुसऱ्या तटात मी एकटी. कारण मला जे दिसलं त्याचा त्या चार पानांत उल्लेखच नाही. वरच्या मजल्यावर छताच्या स्लॅबला लागून भिंतीत आडवी भेग आहे, जवळजवळ खोलीभर. मागच्या खोल्या जुन्या घराला जिथे चिकटतात तिथे उभी फट, वर पेन्सिल सहज जाईल एवढी आणि खाली येईपर्यंत नाहीशी. बाथरूमच्या बरोबर खाली जे छत येतं तेवढ्याच तुकड्याला ताजा रंग. आणि गच्चीवर कोब्यावर कोबा चढलेला, कारण जिन्याच्या दाराचा उंबरा आता जेमतेम दोन बोटं वर उरलाय.

स्वतःचा इंजिनीअर नेऊन पुन्हा तपासणी करावी का? केली तर त्याला काय सांगायचं? 'डिटेल्ड सर्व्हे' म्हटलं की प्रत्येकजण वेगळंच काहीतरी समजतो असं दिसतंय.

उंबरा :

पहिला प्रश्न : रिपोर्टवर कोणाचं नाव आहे? म्हणजे सही कोणाची ते नंतर, पण तो कोणासाठी केलाय? मालकांच्या नावाने असेल तर इंजिनीअरची जबाबदारी मालकांशी. उद्या काही निघालं तर तुम्ही त्याला विचारायलाही जाऊ शकत नाही, तुम्ही त्याचे कोणीच नाही. तारीखही बघा. आणि रिपोर्ट कशासाठी करून घेतला होता तेही. कर्जासाठी, विम्यासाठी, दुरुस्तीसाठी, प्रत्येकाचं खोदकाम वेगळं असतं.

गप्पिष्ट :

मी थोडं उलटं बोलतो, हलके घ्या. चाळीस वर्षं उभं राहिलेलं घर आणखी चाळीस उभं राहील. हल्लीच्या बांधकामापेक्षा जुनंच बरं. एखादा अनुभवी मिस्त्री न्या, हातोडीने टकटक करत घरभर फिरवा. बद्द वाजलं तिथे दुखणं. काम झालं. इंजिनीअर येऊन कागदावर तेच लिहिणार, फक्त मोठ्या शब्दांत.

तुळई :

@गप्पिष्ट, टकटक करणं चुकीचं नाही, इंजिनीअरही करतो. पण बद्द आवाज म्हणजे प्लास्टर किंवा कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, सुटलंय एवढंच कळतं. का सुटलं आणि आतल्या सळईचं काय झालंय हे हातोडी सांगत नाही. शिवाय ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार त्यालाच 'दुरुस्ती लागेल का हो?' विचारायचं, यात मला तरी अडचण वाटते. कधी नसलेलं काम निघतं, कधी असलेलं 'मारून देतो प्लास्टर' म्हणून झाकलं जातं.

ओळंबा :

पेशाने स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो. घर न बघता निदान करत नाही. तुम्ही तपासणी कशी करून घ्यावी एवढंच सांगतो.

पागोळीताई, तुमच्या वर्णनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे घर लोड-बेअरिंग आहे. भार विटांच्या भिंतींवर आहे. आणि रिपोर्ट कशाचा आहे? हॅमर टेस्टचा. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. म्हणजे त्या तक्त्यातले आकडे असलेच तर स्लॅबचे आणि व्हरांड्यातल्या कॉलमचे. ज्या भिंतींनी घर तोलून धरलंय त्यांच्याबद्दल, त्यांच्या पायाबद्दल, त्यातल्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या दर्जाबद्दल त्यात अक्षर नाही. आकडे खरे असतील. प्रश्न वेगळाच होता.

म्हणून माझ्या मते चांगल्या तपासणीची सुरुवात यंत्रांनी होत नाही. दोन्ही मजल्यांचे मोजून नकाशे काढायचे आणि एकावर एक ठेवायचे. वरची प्रत्येक भिंत खाली कशावर उभी आहे? गच्चीवरची टाकी कुठल्या भिंतीवर येते? भार वरून जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने उतरतो, ती वाट कुठे तुटलीय का? जुन्या घरांत मधल्या काळात कोणीतरी 'हॉल मोठा करू' म्हणून भिंत काढलेली असते आणि वरची भिंत तशीच राहते. हे कुठल्याच मीटरला कळत नाही. टेप, कागद आणि अर्धा दिवस लागतो.

आता भेगा. रुंदीइतकाच आकार आणि दिशा महत्त्वाची. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी तिरकी चढत गेलेली भेग, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग, ही बहुतेकदा पाया कमीजास्त खचल्याची खूण. ती वर रुंद आहे की खाली, यावरून कुठली बाजू खाली गेली याचा अंदाज येतो. स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग बऱ्याच वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या साधारण एक लाखांश वाढतं, म्हणजे दहा मीटरचा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने ३ मिलिमीटर सरकतो. खालची भिंत तेवढी सरकत नाही, मग दोघांच्या मधे फाटतं. दिसायला भीतिदायक, पण पाणी आत जाऊ दिलं नाही तर सहसा तेवढ्यावर थांबतं. उलट बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत धावणारी केसासारखी बारीक भेग बघून कोणी दचकत नाही, आणि मी तिथेच आधी थांबतो. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. ती भेग म्हणजे आतलं काम आधीच सुरू झालंय.

रुंदीचा ढोबळ हिशेब असा : १ मिलिमीटरपर्यंत रंगकामात जाणारं, ५ पर्यंत भरून घ्यायचं, ५ ते १५ म्हणजे कारण शोधल्याशिवाय हात लावायचा नाही, त्यापुढे गंभीर. हा हिशेब विटांच्या भिंतींचा आहे. गंजामुळे काँक्रीटला गेलेल्या भेगेला लावू नका. आणि भेग अजून हलतेय का हे रुंदीपेक्षा मोठं. त्यासाठी काचपट्टी किंवा गेज लावून काही महिने बघावं लागतं आणि घेणाऱ्याकडे महिने नसतात. मग भेगेच्या आत बघायचं. आत जुना रंग किंवा धूळ असेल तर ती जुनी. कडा धारदार आणि आतली वीट स्वच्छ असेल तर ताजी. आसपासचे दरवाजे रंध्याने तासलेत का तेही बघा, भिंत चौकट दाबत असेल तर दार अडकतं आणि लोक दार तासतात.

गच्ची. दहा सेंटीमीटर कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान धरून जी तरतूद करतात ती साधारण १५० ते २०० किलोच असते. म्हणजे गळतीवर उपाय म्हणून चढवलेला एक जादा थर ती सगळी तरतूद एकटाच खाऊ शकतो. त्यावर हजार लिटरची टाकी, म्हणजे एक टन, खोलीच्या बरोबर मधोमध ठेवलेली असेल तर विचारूच नका. किती थर आहेत हे एका कोपऱ्यात भोक पाडून बघता येतं.

मागच्या खोल्यांच्या फटीसाठी एक खड्डा घ्यायला सांगा. जुनं आणि नवं बांधकाम जिथे मिळतं तिथे बाहेरच्या बाजूने पायाच्या तळापर्यंत. दोन पायांची खोली वेगळी आहे का, खाली माती कसली आहे, ओल आहे का, हे तिथे उघडं पडतं. जवळून ड्रेनेजची लाइन जात असेल तर ती आधी तपासा. फुटक्या पाइपाने पायाखालची माती हळूहळू धुऊन नेल्याची उदाहरणं कितीतरी बघितली आहेत.

यंत्रं या सगळ्यानंतर. कुठे आणि का लावायची हे तोवर ठरलेलं असतं.

कोनाडा :

वाखुसा (वाचनखूण साठवली). ओळंबा, स्वतंत्र लेख करा याचा.

खलबत्ता :

एक वेगळी बाजू. घर पाडून नवं बांधणार असाल तर ही सगळी तपासणी कशाला? तुम्ही जमिनीचे पैसे देताय. तिथे मातीची तपासणी आणि कागदपत्रं महत्त्वाची. पागोळीताई, तुम्ही राहणार आहात की पाडणार, हे लिहिलं नाहीत.

पागोळी :

राहणार आहोत. पाडायचं असतं तर एवढ्या जीवाला घोर लावलाच नसता :)

ओळंबा, मनापासून आभार. दोन शंका. रिपोर्टातले हॅमरचे आकडे खरंच चांगले दिसतात, नव्या इमारतीपेक्षाही जास्त. काँक्रीट वर्षानुवर्षं मजबूत होत जातं म्हणतात, तसं असेल का? आणि दुसरं, मालक बघू देतील, पण फोडू देतील असं वाटत नाही.

निळाई :

ओळंबा येईपर्यंत माझा अनुभव. आम्ही समुद्राजवळचा जुना बंगला घेतला होता, रीतसर तपासणी करून. चांगला जाडजूड रिपोर्ट. त्यात मागच्या एका पानावर बारीक अक्षरांत होतं : 'फॉल्स सीलिंग असल्यामुळे वरील स्लॅबची खालची बाजू पाहता आली नाही.' दुसऱ्या ठिकाणी, 'कपाटांमागील भिंती तपासलेल्या नाहीत.' निष्कर्षाच्या पानावर मात्र सगळं घर तपासल्यासारखी भाषा. राहायला गेल्यावर सीलिंग काढलं तर सळया पापुद्र्यांनी सुटत होत्या. तपासणाऱ्याला विचारलं, त्याने शांतपणे ते पान दाखवलं. त्याचं कायदेशीररीत्या काही चुकलं नव्हतं म्हणे.

तेव्हापासून कोणी रिपोर्ट दाखवला की मी आधी 'मर्यादा' असं लिहिलेला भाग काढते. काय तपासलं यापेक्षा काय तपासलं नाही ते वाचा. आणि ती यादी लांब असेल तर पैसे देण्याआधीच 'हे उघडून दाखवायची सोय मी करते, तुम्ही पुन्हा या' म्हणा.

ओळंबा :

निळाईंना +१. मीही तसंच लिहितो, कारण न बघितलेल्याची हमी कोणी देऊ नये. पण ते वाक्य निष्कर्षाच्या शेजारी हवं, मागच्या पानावर नव्हे.

आता हॅमरचे आकडे. काँक्रीट वयाबरोबर थोडं मजबूत होतं हे खरं, पण जुन्या घरात आकडे फुगण्याचं कारण सहसा वेगळं असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या पृष्ठभागातून आत शिरतो आणि तिथल्या चुन्याशी संयोग पावतो. याला कार्बोनेशन म्हणतात. त्याने पृष्ठभाग जास्त कडक होतो. हॅमर पृष्ठभागावर आपटतो, जास्त उसळतो, आणि ताकद जास्त असल्याचा आकडा देतो. फार जुन्या काँक्रीटमध्ये हा फुगवटा पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एरवीही हॅमरवरून काढलेल्या ताकदीत पंचवीस टक्के इकडेतिकडे धरूनच चालतात.

गंमत, म्हणजे गंमत नाहीच, अशी की आकडा वाढवणारी तीच प्रक्रिया सळईचं संरक्षण काढून घेत असते. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक पातळ थर तयार होतो, तो गंजू देत नाही. कार्बोनेशनने पीएच ९ च्या आसपास उतरला की तो थर टिकत नाही. त्यानंतर ओल आणि हवा मिळाली की गंज. म्हणजे चाळीस वर्षांच्या स्लॅबला हॅमरने झकास आकडे दिले तर मी खूश होण्याआधी कार्बोनेशन किती खोल गेलंय ते बघेन.

ही तपासणी अगदी साधी आहे. काँक्रीटचा ताजा टवका काढायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा. जिथे अल्कधर्मीपणा शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, कार्बोनेशन झालेला भाग बेरंग राहतो. पट्टीने मोजा. मग कव्हर मीटरने सळई किती खोलवर आहे ते मोजा. दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट.

कार्बोनेशन साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत जातं. समजा एका स्लॅबमध्ये ते २५ वर्षांत २० मिलिमीटर गेलं. ४० मिलिमीटर जायला आणखी २५ नाही, एकूण १०० वर्षं लागतील. म्हणजे कव्हर दुप्पट असेल तर वेळ चौपट मिळतो. उलटही तितकंच खरं. सळई २० ऐवजी १० मिलिमीटरवर बसली असेल, आणि जुन्या कामांत सळईखाली ठेवलेले खडे सरकून तसं होतंच, तर २५ ऐवजी सहा-सात वर्षांतच तिचं कवच गेलेलं असतं. एकाच स्लॅबमध्ये एक कोपरा धडधाकट आणि दुसऱ्यात पोपडे, याचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं. म्हणून एका ठिकाणी टवका काढून 'झालं' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

समुद्राजवळ मात्र हा हिशेब पुरत नाही. क्षार, म्हणजे क्लोराइड, कार्बोनेशनची वाट बघत बसत नाहीत. काँक्रीट पूर्ण गुलाबी दाखवत असेल आणि आत सळईला खोल खड्डे पडलेले असतील, हे शक्य आहे. बांधताना खारं पाणी किंवा न धुतलेली समुद्राची वाळू वापरली असेल तरी तेच. तिथे भुकटीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून क्लोराइड मोजावे लागतात.

बाकीच्या चाचण्या थोडक्यात. अल्ट्रासॉनिक पल्समध्ये, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतात त्यात, सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर वेग म्हणजे काँक्रीट एकसंध, ४.५ च्या वर उत्तम, ३ च्या खाली शंका घ्यावी. पण जुन्या स्लॅबमध्ये सळई वाटेत आली तर वेग जास्त दिसतो, ओल असली तरीही. हाफ-सेलमध्ये, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजतात त्या चाचणीत, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त, उणे २०० च्या अलीकडे असेल तर तितकीच शक्यता नसण्याची. मधलं सगळं अनिश्चित. शिवाय तो शक्यता सांगतो. सळई किती उरली ते सांगत नाही. त्यासाठी उघडून व्हर्नियरने जाडी मोजण्याला पर्याय नाही. कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल दंडगोल नमुना, काढून दाबून बघणं सगळ्यात विश्वासाचं, पण एक कोअर काढून काही सिद्ध होत नाही, किमान तीन लागतात. आणि तुमच्यासारख्या भिंतींवरच्या घरात मी तिकडे सहसा वळणार नाही. थर्मल कॅमेऱ्याची रंगीत चित्रं बघून लोक हरखतात. तो तापमानाचा फरक दाखवतो, ओल नव्हे. गार जागा ओली असेलच असं नाही.

फोडू देतील का, यावर दुसरं कोणी लिहील तर बरं.

जुनंखोड :

मी लिहितो, कारण मी विकणाऱ्याच्या बाजूला होतो. घेणाऱ्यांचा इंजिनीअर आला आणि म्हणाला, तीन ठिकाणी प्लास्टर काढतो, एक खड्डा घेतो. माझं पहिलं उत्तर 'नाही' हेच. राहतं घर, कोण फोडू देईल? सौदा फिसकटला तर माझ्या हातात भोकं राहणार.

मग त्यांनी एक कागद आणला. कुठे कुठे उघडणार ते नकाशावर खुणा करून, प्रत्येक भोकाचं माप लिहून, आणि सौदा होवो न होवो, आठवड्याच्या आत पूर्ववत करून देण्याचा खर्च त्यांचा, ती रक्कम आधीच माझ्याकडे ठेवलेली. जागा दिसणार नाहीत अशा निवडल्या होत्या, कपाटाच्या आत, पायऱ्यांखाली. मग नाही म्हणायला कारण उरलं नाही. पागोळीताई, 'फोडणार' हा शब्दच वापरू नका. कागद पुढे ठेवा.

आणि एवढं करूनही मालक अडले तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच की.

तुळई :

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत नाही. लोक धुळीला आणि कटकटीलाही नाही म्हणतात, दरवेळी काही लपवायचंच असतं असं नव्हे. पण मग किंमत ठरवताना 'हा भाग बघता आलेला नाही' हे गृहीत धरायचं, आणि तसं स्पष्ट सांगायचं.

जाता जाता, इसार देण्याआधी करारात एक ओळ घालून घ्या : तपासणीत अमुक प्रकारचा दोष निघाला तर इसार परत. 'दोष' एवढंच लिहू नका, वाद होतात. भार घेणारी भिंत, पाया, स्लॅब, बीम यांची दुरुस्ती लागणारा दोष, असं लिहा.

झरोका :

आमचा प्रश्न फ्लॅटचा आहे, इथेच विचारलं तर चालेल ना? जुन्या इमारतीत चौथा मजला, आतून पूर्ण नूतनीकरण केलेलं. तपासणीत काय होणार?

ओळंबा :

आतून फारसं काही नाही, नवीन टाइल्स आणि पीओपीमागे सगळं झाकलंय. फ्लॅट घेणारा इमारतीचा एक तुकडा घेत असतो. पार्किंगमधले कॉलम बघा, विशेषतः जमिनीलगतचा हातभर भाग. गच्ची, टाकीखालचे बीम, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं का, डक्टमधल्या बाहेरच्या भिंती, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं बाथरूमखालचं छत. शेजारी सहसा आनंदाने दाखवतो, तक्रार ऐकणारं कोणीतरी मिळतं त्याला. सोसायटीकडे आधीचे ऑडिट रिपोर्ट आणि दुरुस्तीच्या बैठकांची इतिवृत्तं असतात, ती मागा. रिपोर्टमध्ये सुचवलेलं काम प्रत्यक्ष झालं का हे त्यांच्यातून कळतं. आणि नूतनीकरणात भिंती कुठल्या काढल्या ते मूळ नकाशाशी ताडून बघा.

गप्पिष्ट :

मी माझं मिस्त्रीवालं विधान अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो, कारण वाळवी आमच्या मिस्त्रीनेच शोधली होती. चौकटीमागे मातीच्या बारीक नळ्या. इंजिनीअरने बघितलंच नव्हतं.

ओळंबा :

रास्त आहे. स्ट्रक्चरल तपासणीत वाळवी, वायरिंग, पाण्याचे पाइप, जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे हे आपोआप येत नाही. लाकडी तुळया किंवा लाकडी छत असेल तर लाकडाची ओल मोजायला सांगा, २० टक्क्यांच्या वर सतत राहिली तर कुजायला लागतं. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे आधी. अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा मात्र तपासायच्या नादात कोणी ड्रिल करू नका.

पागोळी :

सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर बातमी देते. जुनंखोड यांच्या पद्धतीने कागद नेला, मालक तयार झाले. इंजिनीअर आमचा, रिपोर्ट आमच्या नावाने. मी दिवसभर त्यांच्यामागे फिरले, हे प्रत्येकाने करावं असं वाटतं. कागदावर न येणारं बरंच काही ते बोलता बोलता सांगतात.

स्लॅबखालच्या आडव्या भेगेने माझी झोप उडवली होती. ती उन्हाचीच निघाली, आत तीन थरांचा जुना रंग. बाथरूमखालचा ताजा रंगही सरळ निघाला, पाइपाचा सांधा गळत होता, तो बदलून रंग दिलेला, टवका काढून बघितलं तर सळई स्वच्छ. मागच्या खोल्यांचा पाया जुन्या पायापेक्षा बराच उथळ आहे आणि शेजारून ड्रेनेजची फुटकी लाइन, ओळंबा म्हणाले होते तशीच.

पण खरी गोष्ट भलतीच. त्यांनी दोन्ही मजल्यांचे नकाशे काढून एकावर एक ठेवले तर वरच्या बेडरूमची जाड भिंत खाली हॉलच्या मधोमध हवेत! हॉल पूर्वी दोन खोल्यांचा होता. फॉल्स सीलिंगचा एक पॅनल काढला तर वर दोन लोखंडी गर्डर घातलेले आहेत, पण त्यांची टोकं थेट विटांवर टेकलीत आणि एका बाजूच्या विटा दबून चिरडल्यात. मालकांनाही माहीत नव्हतं, त्यांच्या आधीच्या मालकांनी केलेलं. चारपानी रिपोर्टमध्ये अर्थात काही नाही. सीलिंगखाली हॅमर कुठे लागणार?

आता इंजिनीअर म्हणतात दुरुस्त होण्यासारखं आहे. घर सोडायचं, की किंमत कमी करून घ्यायची, की मालकांनाच करून द्यायला सांगायचं, यावर खल चालू आहे.

उंबरा :

मालकांना करायला सांगू नका. विकून मोकळं व्हायच्या घाईत होणारं काम आणि स्वतः राहायचं म्हणून केलेलं काम यात फरक पडतो. शिवाय सीलिंग पुन्हा बंद झालं की तुम्हाला काहीच दिसणार नाही.

ओळंबा :

उंबरांशी सहमत, किंमत कमी करून काम आपल्या ताब्यात घेणं बरं. पण त्याआधी इंजिनीअरकडून तीन गोष्टी लेखी घ्या. गर्डर त्या भाराला पुरेसे आहेत का याचं गणित, मोजमापासह. टोकांखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक, म्हणजे भार पसरवणारा ठोकळा, घालायचा तर त्याचं माप, आणि त्याखालची भिंत व पाया तो एकवटलेला भार पेलतात का, कारण आधी लांबीभर पसरलेलं वजन आता दोन टोकांना येतंय. आणि काम चालू असताना वरची भिंत कशावर तोलायची, टेकू कुठे आणि किती, याचा आराखडा. तिसरी गोष्ट कंत्राटदारावर सोडतात आणि अपघात तिथे होतात. टेकू तळमजल्याच्या फरशीवर उभे राहणार असतील तर फरशीखाली भराव आहे की पोकळी, तेही बघून घ्या.

ड्रेनेजची लाइन मात्र सौद्याची वाट न बघता मालकांना आजच दुरुस्त करायला सांगा. त्यात त्यांचाही फायदा आहे. मागच्या खोल्यांच्या पायाला लगेच हात लावू नका. गळती थांबल्यावर माती स्थिरावू दे, फटीवर दोन गेज लावा, आणि एक पाऊस जाऊ दे. फट थांबली तर पाया खाली नेण्याचा मोठा खर्च कदाचित लागणारच नाही. तिथे जवळ मोठं झाड आहे का? असेल आणि माती चिकण असेल तर ते घाईने तोडू नका. झाड पाणी शोषायचं थांबलं की तशी माती फुगते आणि खचलेलं घर उलट्या बाजूने उचललं जातं.

पागोळी :

झाड आहे! फटीपासून चारेक पावलांवर. आणि मालक कालच म्हणत होते, तुम्हाला त्रास नको म्हणून सौद्याआधी काढून टाकतो. आत्ता फोन करते त्यांना.